लोणार : काठाने चालून पाहावे असे पाणी

बदलापूरजवळच्या चामटोलीत राहणाऱ्याला पाणी म्हटले की वाहते पाणीच डोळ्यांपुढे येते. चंदेरीच्या डोंगररांगेवर पडलेला पाऊस ओढ्यांनी खाली उतरतो, उल्हास नदीला मिळतो आणि कल्याणवरून वसईच्या खाडीकडे निघून जातो. तो किती घाईने खाली येतो हे २७ जुलै २०१९ ला साऱ्या देशाने पाहिले. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. पण तो पूरही ओसरला. आमच्याकडचे पाणी थांबत नाही, म्हणून त्यात आपण काय टाकतो याचाही आम्हाला विसर पडतो. आमच्याकडच्या वालधुनी नदीची प्रदूषणाने जी दशा झाली ती याच विसरामुळे झाली, असे माझे ठाम मत आहे.

मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पाण्याचे नमुने तपासायचे, सामू (पीएच) मोजायचा, क्षार मोजायचे, तळाशी काय बसते ते पाहायचे, हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे बाहेर जायला वाटच नसलेले पाणी कसे असते ते जवळून पाहण्याची ओढ मला कधीची होती. तसे पाणी आपल्या राज्यात बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे. होळी उलटून गेल्यावर मेहकरला दिलेल्या मावसबहिणीकडे मुक्कामाला गेले आणि एक अख्खा दिवस लोणारच्या सरोवराच्या काठाकाठाने चालले. सोबत बहीण, तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा, आणि वनखात्याच्या दारावर भेटलेले लोणारचे एक वयस्क वाटाडे. त्यांना आम्ही दिवसभर काकाच म्हणत होतो.

वाळवंटी प्रदेशातली सरोवरे कशी असतात ते आधी सांगायला हवे, म्हणजे लोणारचे नवल नीट कळेल. राजस्थानातले सांभर घ्या, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचे मोनो लेक घ्या किंवा पूर्व आफ्रिकेतले नेट्रॉन घ्या. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे : पाणी आत येते, पण नदी होऊन बाहेर पडत नाही. ते उन्हाने वाफ होऊनच जाते. वाफ जाते ती शुद्ध पाण्याची. येताना पाण्याने दगडमातीतून जे काही विरघळवून आणलेले असते ते सगळे मागे राहते आणि वर्षागणिक साठत जाते. महाराष्ट्रात वाळवंट नाही. लोणारला पाऊसही बरा पडतो. पण आकाशातून आलेल्या एका दगडाच्या आघाताने तिथे असा खोल आणि चहूबाजूंनी बंद खड्डा झाला, की वाळवंटातल्या सरोवराचे सगळे गुण कापूस आणि सोयाबीनच्या मुलखात येऊन बसले. फाल्गुनाच्या अखेरीला तिथे उतरले की ऊनही वाळवंटाचेच वाटते.

बहुतेक मंडळी काय करतात? गाडी कड्यापर्यंत नेतात, वरून फोटो काढतात, दैत्यसूदनाचे देऊळ पाहतात आणि शेगावच्या नाहीतर वेरूळच्या रस्त्याला लागतात. वरून दृश्य सुंदर दिसते, त्यात शंका नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जवळजवळ गोल विवर, त्याच्या तळाशी सव्वा किलोमीटरच्या आसपास पसरलेले हिरवट पाणी, आणि मधल्या उतारावर झाडी. पण वरून पाहणाऱ्याला त्या पाण्यात कुठून काय येते ते दिसत नाही. त्यासाठी खाली उतरावे लागते आणि वळसा घालावा लागतो.

आम्ही साडेसहाला धारेपाशी होतो. गावाच्या बाजूला कड्यावरच धार नावाचे हे गोमुख आहे. बाराही महिने तिथे पाण्याची धार पडते, आणि तिच्या भोवती देवळांचा आणि ओवऱ्यांचा दगडी घेर आहे. लोक तीर्थ म्हणून ते पाणी डोक्यावर घेतात. आठ महिने कोरड्या असलेल्या मुलखात उंच कड्यावर अखंड वाहणारे गोड पाणी म्हणजे कोणालाही चमत्कारच वाटावा. भूजलाच्या अंगाने पाहिले तर त्याचे कारण सरळ आहे. भोवतालच्या जमिनीत मुरलेले पाणी दोन लाव्हाथरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यातून सरकत येते, आणि विवराने तो थर जिथे कापला आहे तिथे उघड्यावर पडते. पुढे ते कुठे जाते ते महत्त्वाचे. ते जाते खाली, सरोवरात. धारेखाली कोणी साबण लावला तर तो साबणही खाली जातो आणि तिथेच राहतो.

उतरायला लागल्यावर काकांनी काठीने कड्याचा दगड दाखवला. "ताई, हे थर पाहा. तुमच्याकडं असे तिरपे नसतील." खरेच नसतात. चंदेरी असो की माथेरान, आमच्या डोंगरांत बेसाल्ट या काळ्या दगडाचे थर एकावर एक आडवे रचलेले असतात, कारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा शांतपणे पसरत गेला आणि थंड झाला. लोणारचा दगड त्याच दख्खनच्या लाव्हाचा, त्याच वयाचा. पण विवराच्या ओठाजवळ ते थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. आतून प्रचंड धक्का बसल्याशिवाय असे होत नाही. त्या धक्क्याने उसळलेला दगडांचा चुरा बाहेर पडून विवराचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच झाला आहे. गावाकडून येताना आपण थोडा चढ चढतो तो याच चुऱ्याचा.

हा धक्का कशाचा, यावर दीडशे वर्षे वाद होता. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. पुढे बराच काळ हे ज्वालामुखीचे तोंड असावे असेच अभ्यासक मानत आले, आणि ज्वालामुखीच्या दगडातला खड्डा ज्वालामुखीचा असणार हे मानणे सोपेही होते. तळाशी भोके पाडून काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली तेव्हा प्रश्न मिटला. फेल्डस्पार हे खनिज न वितळता, केवळ भयंकर दाबाने काचेसारखे होते तेव्हा ती तयार होते, आणि तितका दाब कोणत्याही ज्वालामुखीत नसतो. आकाशातून सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा दगडच तो देऊ शकतो. फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला.

विवराचे वय मात्र दोन प्रकारे सांगितले जाते. काचेतल्या साठलेल्या ऊर्जेवरून काढलेले वय सुमारे ५२ हजार वर्षे येते. आघाताने वितळलेल्या दगडातल्या अरगॉन वायूवरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे. दोन आकड्यांत दहापट फरक आहे. प्रयोगशाळेत काम करणारी म्हणून मला दुसरी पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण उघड्यावर पडलेल्या काचेतली ऊर्जा उन्हाने, उष्णतेने सहज कमी होऊ शकते. 'बेसाल्टमधले जगातले एकमेव आघाती विवर' हे माहितीपत्रकांतले वाक्यही आता जपून वापरायला हवे. ब्राझीलमध्येही बेसाल्टमधली अशी विवरे ओळखली गेली आहेत. पण त्यांची झीज फार झाली आहे. इतके घोटीव, इतके शाबूत विवर लोणारचेच. मंगळाची जमीनही बेसाल्टची, तिथलीही विवरे अशाच दगडात झालेली. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारचे दगड गोळा करतात, ही आपल्या मराठी मुलांना अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

उतारावरची झाडी वसंतात पाहावी. आमच्या कोकणाकडच्या डोळ्यांना आधी ती वाळून गेल्यासारखी वाटते. सागाची पाने गळून पायाखाली चुरचुरतात, सीताफळीची नुसती काटकुळे उभी असतात. मग एका वळणावर पळस येतो. एक पान नाही, आणि प्रत्येक डहाळीला शेंदरी फुले. फुलावर नीट नजर ठेवली तर दिसते की मैना आणि बुलबुल त्या वाकड्या पाकळीत चोच घालून मध पितात आणि निघताना कपाळाला परागांची पिवळी पूड लावून जातात. बहिणीने खाली पडलेली फुले ओच्यात गोळा केली. तिच्या सासरी धुळवडीचा रंग पूर्वी याच फुलांचा करत. कडुनिंबाला तांबूस कोवळी पालवी होती, करंज नुकता हिरवा होत होता, आणि खालच्या अंगाला मोर ओरडत होते. वानरांचा एक कळप आमच्या पिशव्यांवर डोळा ठेवून बराच वेळ समांतर चालत राहिला.

या झाडीत एक नको असलेले झाड घुसले आहे, वेडी बाभूळ. सरपण आणि कुंपण म्हणून बाहेरून आणलेले हे झाड क्षाराच्या जमिनीतही माजते, पाणी ओढते आणि दुसऱ्या कशाला उगवू देत नाही. वनखात्याने ते काढण्याचे काम केले आहे. काढलेल्या जागी पुन्हा फुटलेले धुमारेही आम्ही पाहिले. हे काम एकदा करून भागणारे नाही.

आठच्या सुमाराला खाली पोचलो. पाण्यापासून शंभर-दीडशे पावलांवर असतानाच वास येतो, कुजलेल्या अंड्यासारखा. काठच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा हा वास. मला तो ओळखीचा होता. भाच्याने मात्र नाकाला रुमाल लावला.

मी पिशवीत पीएच पेपरच्या पट्ट्या नेल्या होत्या. सामू सात म्हणजे उदासीन पाणी. त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. आधी वरच्या झऱ्याचे पाणी जिथे सरोवराला मिळते तिथे पट्टी बुडवली. ती हिरवट झाली, म्हणजे सात-आठच्या मध्ये, आपल्या विहिरीच्या पाण्यासारखी. तिथे गवत होते, बेडूक होते, चतुर उडत होते. मग झऱ्यापासून लांब, काठाच्या उघड्या पट्ट्यात जाऊन दुसरी पट्टी बुडवली. ती क्षणात गर्द निळी झाली. नऊ आणि दहाच्या मध्ये. लोणारच्या पाण्याचा सामू साडेनऊ ते साडेदहा असल्याच्या नोंदी अभ्यासकांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत. सामूचा एक अंक वाढला की अल्कपणा दहापट होतो. त्या दोन पट्ट्यांत दोन अंकांचा, म्हणजे शंभरपटीच्या घरातला फरक होता, आणि दोन्ही जागा एकाच सरोवराच्या एकाच काठावर, पाच मिनिटांच्या चालीवर.

पाण्यात बोटे बुडवून एकमेकांवर घासली की बुळबुळीत लागतात. पाणी बुळबुळीत नसते, आपली कातडीच तशी झालेली असते. अल्क त्वचेवरच्या तेलाचा साबण करते. बोटे उन्हात वाळली की त्यांवर पांढरी पूड दिसते. काठच्या काळ्या दगडांवरही त्याच पुडीच्या रेघा होत्या, एकाखाली एक. पाणी कधी कुठे होते ते त्या रेघा सांगतात.

हा अल्कपणा आला कुठून? पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतो. ते आंबट पाणी काळ्या दगडात मुरते आणि त्यातून सोडियम, कॅल्शियम वगैरे विरघळवते. सरोवरात पोचल्यावर पाणी आटते तसा कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसतो, आणि वरच्या पाण्यात सोडियम, कार्बोनेट आणि क्लोराइड उरतात. थोडक्यात धुण्याचा सोडा आणि मीठ. आपण पापडाला घालतो तो पापडखार याच जातीचा. आमच्या चामटोलीच्या जमिनीतला दगडही हेच क्षार सोडतो, पण उल्हास ते समुद्राला नेऊन देते. इथे ते देणे-घेणे नाही.

लोणारच्या क्षाराला पूर्वी मोठा भाव होता. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर पापुद्रे जमत, ते गोळा करून त्यांची प्रतवारी होई. पापडी, भुसकी, खुप्पल, डल्ला अशी त्यांची नावे जुन्या नोंदींत आहेत. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'तही मेहकरच्या मुलखातले हे ठिकाण येते, आणि काच व साबण करायला लागणारा माल इथे मिळतो असे त्यात नोंदवले आहे. साबणाच्या कारखान्याला सोडा पुरवणाऱ्या धंद्यात माझी निम्मी नोकरी गेली, त्यामुळे चारशे वर्षांपूर्वीचा तो उल्लेख मला फार जवळचा वाटला.

अशा पाण्यात मासा टिकत नाही, पण म्हणून पाणी निर्जीव नसते. त्याचा हिरवा रंग स्पिरुलिना नावाच्या सूक्ष्म जीवाचा आहे. औषधाच्या दुकानात पौष्टिक गोळ्या म्हणून मिळते तीच ही. तिला हे सोड्याचे पाणी मानवते, आणि इतरांना मानवत नसल्याने तिला स्पर्धाही नसते. तिच्यावर आणि पाण्यातल्या किड्यांवर पक्षी जगतात. आम्ही गेलो तेव्हा हिवाळी पाहुणे परतायला लागले होते. तरी लांब लाल पायांचे शेकाटे उथळ पाण्यात एकेक पाऊल टाकत होते आणि टिबुकल्या बुड्या मारत होत्या. काही वर्षी रोहितही उतरतात.

रंगाचा विषय निघाला की २०२० चा जून आठवतोच. टाळेबंदीत लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि तऱ्हेतऱ्हेच्या अफवा पसरल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. त्या वर्षी उन्हाळ्यात पाणी उतरून खारटपणा वाढला होता, आणि अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव बेसुमार वाढले होते. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असते. पाऊस येऊन पाणी पातळ झाले तसे ते तळाशी बसले आणि रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंद झाली. नाशिकच्या नांदूर मध्यमेश्वरनंतर आपल्या राज्यातले हे दुसरे.

पुढे काठाने देवळामागून देऊळ लागते. रामगया, शंकर-गणेश, वाघ महादेव, मोर महादेव. बरीचशी मोडकळीला आलेली, गाभाऱ्यांत वटवाघळे, दारांवर वडाच्या मुळ्या. आमच्या अंबरनाथचे शिवमंदिर १०६० चे, याच काळ्या दगडाचे. तिथे सारे गाव रोज जाते, म्हणून ते जागते आहे. इथे झाडीत उभ्या असलेल्या खांबांवरची तितकीच सुबक नक्षी पाहायला वानरांखेरीज कोणी नव्हते. मला ते फार लागले. वरच्या गावातले दैत्यसूदन मंदिर मात्र चांगल्या निगराणीत आहे. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचे ते देऊळ. असुराचे नावच लवण, म्हणजे या पाण्याची चव लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

कमळजा देवीचे देऊळ हे या वाटेवरचे जागते ठिकाण. नवरात्रात इथे गर्दी लोटते. देवळाजवळची सासू-सुनेची विहीर प्रसिद्ध आहे : एका अंगाचे पाणी गोड, दुसऱ्या अंगाचे खारे. गोड कोण आणि खारी कोण यावर बहिणीने आणि काकांनी बराच खल केला. एका बाजूने झऱ्याचे पाणी आणि दुसऱ्या बाजूने सरोवराचे पाणी झिरपत असणार, हे माझे उत्तर दोघांनाही पसंत पडले नाही.

पण इथेच दिवसातली सर्वांत गंभीर गोष्ट काकांनी दाखवली. "आमच्या लहानपणी पाणी तिकडं होतं," ते म्हणाले, आणि काठी आत, पाण्याच्या दिशेने लांबवर धरली. पाण्यात उभी सुकलेली झाडे दिसत होती. झाड पाण्यात उगवत नाही. तिथे जमीन होती, तिच्यावर ते वाढले, आणि मग पाणी चढले. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी वाढत गेली आहे आणि काठावरच्या देवळांना पाणी लागले आहे. वाटही बुडाल्याने आम्हाला मध्ये दोनदा वर चढून, काट्यांतून पुढे जावे लागले.

वाचणारा म्हणेल, पाणी वाढले तर वाईट काय? दुष्काळी मुलखात पाणी वाढणे म्हणजे सुख. लोणारला तसे नाही. गोडे पाणी वाढले की सोडा पातळ होतो, सामू उतरतो. हजारो वर्षे एका विशिष्ट खारटपणात जगायला शिकलेले सूक्ष्मजीव मागे पडतात, आणि साध्या तळ्यातली शेवाळे, किडे, मासे आत शिरतात. मग ते लोणार राहत नाही, खोल खड्ड्यातले एक साधे तळे होते. सलग चांगले पाऊस, भोवतालच्या तलावांतून जमिनीवाटे येणारा पाझर, गावाचे सांडपाणी, अशी कारणे अभ्यासकांच्या बोलण्यात येतात. सांडपाण्यासोबत नत्र आणि स्फुरदही येतात, कपड्यांच्या पावडरीतले आणि शेतातल्या खतांतले. ते बाहेर जात नाहीत. लोणारच्या रक्षणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अनेक वर्षे येत राहिला आहे तो उगीच नाही.

मोनो लेकचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथे नेमके उलटे झाले. लॉस एंजेलिस शहराने १९४१ पासून त्या सरोवराला मिळणारे ओढे वळवून नेले. चाळीसेक वर्षांत पातळी पंचेचाळीस फूट उतरली, खारटपणा दुपटीवर गेला, पक्ष्यांच्या घरट्यांची बेटे जमिनीला जोडली गेली आणि कोल्ह्यासारख्या कायोटींना वाट मिळाली. लोक लढले. १९९४ मध्ये तिथल्या जलमंडळाने सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून किती फुटांवर असावी याचा एक आकडा ठरवला, ६,३९२ फूट, आणि तो गाठेपर्यंत शहराने पाण्याला मर्यादा घालून घ्यावी असा आदेश दिला. बंद सरोवराचे रक्षण असे आकड्यानेच होते. येते किती, आटते किती आणि त्यात काय विरघळलेले आहे, हा ताळेबंद मांडल्याशिवाय नुसते 'सरोवर वाचवा' म्हणण्याला अर्थ उरत नाही.

अकराच्या पुढे विवर तापू लागते. चहूबाजूंनी भिंत असल्याने वारा आत येत नाही, आणि काळा दगड ऊन परतवतो. पूर्ण वळसा घालायला आम्हाला थांबत थांबत पाच तास लागले. परतीचा चढ दुपारच्या आत संपवलेला बरा. ज्यांना जायचे असेल त्यांनी माघ-फाल्गुन साधावा. चैत्राच्या मध्यानंतर उन्हाचा त्रास होतो, आणि पावसाळ्यात वाट निसरडी होते. माणशी तीन लिटर पाणी घ्यावे, घोट्यापर्यंतचे बूट घालावेत, अंगभर सुती कपडे घालावेत, कारण बाभळीचे काटे बाहीवर निभावतात. हे अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याच्या दारावर नोंद करून, स्थानिक वाटाड्या घेऊनच उतरावे. त्याला मिळणारे पैसे गावात राहतात आणि वाट चुकत नाही. तिथला एकही दगड खिशात घालू नये. कल्याणहून रात्रीच्या गाडीने जालना, तिथून एसटीने सिंदखेडराजावरून मेहकर किंवा लोणार हा रस्ता सोयीचा आहे. जिजाऊंचे जन्मस्थान वाटेतच पडते. समृद्धी महामार्गावरही मेहकरला उतरता येते.

माझी एक मागणी आहे आणि ती मी मनापासून मांडते आहे. आमच्या कारखान्याच्या दारावर एक फलक असतो. सांडपाणी किती, त्यात काय, याचे आकडे त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता येतात. तसाच फलक लोणारला उतरण्याच्या वाटेवर आणि गावाच्या चौकात असावा. त्यावर दर आठवड्याला चारच गोष्टी लिहाव्यात : पाण्याची पातळी, सामू, खारटपणा आणि धारेच्या पाण्यातला नत्र. मोजायला महागडे यंत्र लागत नाही, लोणारच्या आणि मेहकरच्या कॉलेजांतली बीएस्सीची मुले हे काम उत्तम करतील. भाच्याला मी माझ्या उरलेल्या पट्ट्या देऊन आले आहे, आणि त्याने मित्रांना घेऊन दर रविवारी काठावरच्या त्याच दोन जागांची नोंद वहीत करायला सुरुवात केली आहे.